लॉर्ना : मांडवातला आवाज

दादर, परळ, लालबाग या भागांत हल्ली एखाद्या सभागृहाच्या किंवा शाळेच्या दारावरून जाताना 'साल्सा शिकवला जाईल' अशी पाटी दिसते. आमच्या धर्मग्रामातील युवकांनीही गेल्या वर्षी देवळाच्या सणाच्या कार्यक्रमात साल्सा नृत्य बसवले होते. तालीम चालू असताना त्यांतील एकाने आम्हाला सहज विचारले, "फादर, आपल्या लोकांत कोणी साल्सा गाणारं झालं का हो?" प्रश्न गमतीने विचारलेला होता, उत्तर मात्र आम्हाला गमतीने देता येईना. शब्दाच्या काटेकोर अर्थाने पाहिले तर तसे कोणी आम्हाला ठाऊक नाही. परंतु ज्या तालांतून पुढे साल्सा उभा राहिला, ते ताल गळ्यात घेऊन, आपल्या शेजारच्या भाषेत, आपल्याच मुंबईत गाणारी एक गायिका आपल्यात घडली. तिचा आवाज कानी पडल्यावाचून मुंबईतील आपली फार थोडी लग्ने पार पडली असतील. तिचे नाव लॉर्ना कोर्देरो. त्या युवकाला हे नाव माहीत नव्हते. आपल्या त्रैमासिकाच्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना ते माहीत आहे. पण त्या नावामागची हकीकत त्यांनाही पुन्हा एकदा सांगावी असे आम्हाला वाटते.

आधी साल्साविषयी थोडे. स्पॅनिश भाषेत 'साल्सा' म्हणजे पदार्थाला चव आणणारी चटणी किंवा रस्सा. कॅरिबियन समुद्रातील क्यूबा बेटावर आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे ढोल आणि स्पेनहून आलेली गिटार यांची गाठ पडली आणि त्यातून अनेक गीतप्रकार जन्मास आले. या साऱ्यांचा कणा म्हणजे 'क्लावे' नावाचा ठेका. दोन लाकडी दांड्या एकमेकींवर आपटून पाच ठोके वाजवायचे, तेही तीन आणि दोन असे विभागून. आपल्याकडे टाळकऱ्याने लय धरली की बाकीचे निर्धास्त होतात, तसेच क्लावेचे आहे. १९५०च्या दशकाच्या आरंभी हवानात एन्रिके होर्रीन या संगीतकाराने चा-चा-चा हा प्रकार रूढ केला. पुढे क्यूबा आणि पोर्तो रिकोतील माणसे न्यूयॉर्कमध्ये पोट भरण्यासाठी आली, आपले ताल सोबत घेऊन आली. १९६४ साली तेथे 'फानिया' नावाची ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनी स्थापन झाली, आणि साठ-सत्तरच्या दशकांत या सगळ्या मिश्रणाला 'साल्सा' हे नाव चिकटले. नाव नंतरचे आहे. ताल त्याच्या कितीतरी आधी जगभर पोहोचले होते. मुंबईच्या बंदरातही ते उतरले होते.

ते उतरले याची साक्ष दादर-परळच्या जुन्या रहिवाशांना देण्याची गरज नाही. १९५१ साली 'अलबेला' चित्रपट आला. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्यास जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर. नायक भगवान, म्हणजे गिरणगावातील कामगाराच्या घरचे भगवान पालव. त्यातील 'शोला जो भडके' हे गाणे आठवून पाहावे. बोंगो आणि माराकास यांचा तो ठेका थेट क्यूबाकडचा. हा ठेका चितळकरांच्या हाती कोणी दिला? त्यांचे सहायक होते चिक चॉकलेट. खरे नाव आंतोनियो शाव्हियेर वाझ, जन्म गोव्यातील हळदोणे गावचा, ट्रंपेट वाजवणारे. गणपतीच्या मिरवणुकीत लालबागच्या रस्त्यावर एक हात वर करून, गुडघे जरासे वाकवून लोक जे नाचतात, त्या नाचाला 'भगवान स्टाइल' म्हणतात. त्या नाचाच्या मुळाशी एका कॅथलिक वादकाचा श्वास आहे, हे किती जणांच्या ध्यानी असते?

हे वादक आले कोठून, हे सांगितल्यावाचून लॉर्नाची गोष्ट पुरती समजणार नाही. पोर्तुगीज अमलात गोव्यातील देवळांना जोडून शाळा असत. तेथे मुलांना कातेकिझमबरोबर स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. हेतू एवढाच, की रविवारच्या मिस्साला आणि सणावारी गायकवृंद सज्ज असावा. शिकवणाऱ्या मेस्ताची छडी कडक असे. त्या छडीखाली तयार झालेली मुले कागदावर लिहिलेले कोणतेही संगीत पाहताक्षणी वाजवू शकत. पुढे पोटासाठी ती मुंबईस आली आणि धोबी तलाव, माझगाव येथील 'कूडां'त राहिली. कूड म्हणजे गावकऱ्यांचा क्लब. एकेका गावाचा एकेक. ट्रंक ठेवण्यापुरती जागा, झोपण्यापुरती चटई, आणि भिंतीशी गावच्या संताची वेदी. सायंकाळी सर्वांनी मिळून जपमाळ म्हणायची हा नियम. बोटीवर जाणारे खलाशी, आचारी, वादक, सगळे एकाच वेदीसमोर गुडघे टेकत. जपमाळ आटोपली की वादक आपापली पेटी उचलून चर्चगेटच्या हॉटेलांकडे किंवा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे निघत. पहाटे परतत, आणि रविवार असला तर सोनापूरच्या देवळात पहिल्या मिस्साला उभे राहत. कोकणी रंगभूमीचा 'तियात्र' हा प्रकारसुद्धा गोव्यात नव्हे, मुंबईतच प्रथम रंगमंचावर आला. १७ एप्रिल १८९२ रोजी न्यू आल्फ्रेड थिएटरात.

अशा वादकांतील एक क्रिस पेरी. मडगावच्या बोर्डा भागात १९२८ साली जन्मलेले हे गृहस्थ ट्रंपेट आणि सॅक्सोफोन दोन्ही लीलया वाजवत, गीते लिहीत, चाली बांधत, आणि आपल्या बँडकडून कठोर मेहनत करून घेत. मुंबईत वाढलेली लॉर्ना (जन्म १९४६) किशोरवयातच इंग्रजी गाणी गाऊ लागली होती. क्रिस पेरींनी तिचा आवाज हेरला आणि तिला आपल्या बँडमध्ये घेतले. साठच्या दशकात आणि सत्तरच्या आरंभी हा बँड हॉटेलांत आणि नृत्याच्या मेळाव्यांत वाजे. त्या काळी चर्चगेटच्या रस्त्यावर संध्याकाळी चालत गेल्यास एका दारातून जॅझ आणि पुढच्या दारातून चा-चा-चा ऐकू येई, असे आमच्याकडील वयोवृद्ध सांगतात.

हॉटेलात इंग्रजी गाणाऱ्या मुली त्या काळात आणखीही होत्या. लॉर्नाचे वेगळेपण निराळ्या ठिकाणी आहे. क्रिस पेरींनी त्याच वाद्यांवर, त्याच चा-चा-चा, बोसा नोव्हा आणि जॅझच्या अंगाने कोकणी गीते रचली, आणि लॉर्नाने ती गायिली. घरात आईशी बोलण्याची, बाजारात मासळीचा भाव करण्याची भाषा एकाएकी कोटबूट घातलेल्या बँडपुढे येऊन उभी राहिली. आपल्या मराठी भाषक वाचकांना याचे मोल निराळे सांगावयास नको. इंग्रजी शाळेतून आलेल्या मुलाने पाहुण्यांसमोर आजीशी मराठीत बोलण्यास लाजावे, हे दृश्य आपल्या घरांतून अनोळखी नाही.

येथे एक गोष्ट नोंदवाविशी वाटते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचे आपले संविधान ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध केले आणि लोकभाषेतील ख्रिस्तयागाला दार उघडून दिले. लॅटिनमध्ये पाठ म्हणणारा गायकवृंद हळूहळू मराठी, कोकणी गाऊ लागला. कालांतराने वेदीच्या बाजूला गिटारही आली. ज्या दशकात देवळात हे घडत होते, त्याच दशकात देवळाबाहेर, जेथे धर्मगुरूंची नजर जात नसे किंवा जाऊ नये असे मानले जाई, तेथेही लोकभाषा प्रतिष्ठित होत होती. ही दोन कामे एकमेकांना विचारून झालेली नाहीत. तरीही ती एकाच समाजाच्या दोन कानांत एकाच वेळी पडत होती. आम्ही सेमिनरीत परिषदेचे दस्तऐवज शिकलो तेव्हा आम्हाला हा दुसरा कान कोणी शिकवला नाही. तो अभ्यासक्रमाचा भागही नव्हता.

गाण्यांचे विषयही आमच्या कामाच्या जवळचे. लॉर्नाच्या अत्यंत गाजलेल्या एका गाण्याचे नावच 'बेबदो', म्हणजे दारुडा. परळ-लालबागच्या चाळींतून फिरणाऱ्या कोणत्याही धर्मगुरूला या एका शब्दात किती घरे सामावली आहेत हे ठाऊक असते. पगाराच्या रात्री दाराची कडी वाजण्याची वाट पाहणारी बाई आम्ही पाहिली आहे. आमच्या प्रवचनांत ती येते तेव्हा उपदेशाचा विषय होऊन येते. नाचण्यासाठी बांधलेल्या चालीत हा विषय यावा आणि नाचणाऱ्याचा पाय क्षणभर अडखळावा, हे प्रवचनापेक्षा अवघड काम आहे. लॉर्नाचा आवाज त्यासाठी योग्य होता. तो गोड नाही. त्याला धार आहे, किंचित खरखर आहे. शब्दाच्या शेवटी तो स्वर सोडून देत नाही, दाताखाली धरतो. लोकांनी तिला 'गोव्याची कोकिळा' म्हटले. उपमा आदराची आहे, पण आम्हाला पटत नाही. कोकिळा कोणाशी भांडत नाही. हा आवाज भांडतो.

आमचे बालपण सत्तर-ऐंशीच्या दशकांतील. गिरगावात खोताच्या वाडीकडचे आमचे नातलग, परळला आमचे घर. आम्ही मराठी बोलणारे, कोकणी अर्धीमुर्धी कळणारे. लग्नाचा मांडव पडला की भाड्याने आणलेल्या रेकॉर्ड प्लेअरवर दुपारपासून लॉर्ना सुरू होई. उंबराचे पाणी आणायला बायका निघत तेव्हा ढोल-ताशा. रात्री जेवणापूर्वी ग्रँड मार्च, मग टोस्ट, आणि त्यानंतर आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे लॉर्नाच्या तालावर. आमची एक मावशी, जिने उभ्या आयुष्यात हॉटेलची पायरी चढली नव्हती, लुगडे खोचून असे काही नाचे की मांडवातील गोवेकर पाहुणे टाळ्या पिटत. शब्द तिला पुरते कळत नसत. कोकणी आणि मराठी यांच्या वादात पुढे पुष्कळ शाई आणि थोडे रक्तही सांडले. मांडवात मात्र तो वाद आम्ही कधी ऐकला नाही.

आणि याच काळात, प्रत्येक मांडवात हा आवाज घुमत असताना, त्या आवाजाची धनीण गात नव्हती.

सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात लॉर्ना आणि क्रिस पेरी यांचे संगीत वेगळे झाले, आणि लॉर्नाने गाणे थांबवले. क्रिस पेरी काम करीत राहिले. 'भुंयारांतलो मुनिस' या १९७७ सालच्या कोकणी चित्रपटाला त्यांचे संगीत आहे, आणि पुढे दुबईत त्यांनी संगीत शिकवले. लॉर्ना मात्र वीस वर्षांहून अधिक काळ सार्वजनिक मंचावरून नाहीशी झाली. ती अमुक ठिकाणी गेली, तिचे असे झाले, तसे झाले, अशा कहाण्या उठल्या. त्या दोघांच्या खाजगी जीवनाविषयी पुष्कळ बोलले आणि लिहिले गेले आहे. आम्ही त्यात शिरत नाही. कबुलीजबाबाच्या खुर्चीत बसणाऱ्याने तरी या बाबतीत जीभ आवरावी.

परंतु आवाज थांबला ही खाजगी बाब नव्हती, आणि तिच्याविषयी बोलावयास हरकत नसावी. येथे क्यूबाच्या एका गायिकेचे जीवन शेजारी ठेवून पाहावेसे वाटते. सेलिया क्रूझ, जिला जगाने साल्साची राणी म्हटले. 'क्रूझ' म्हणजे आपला क्रूस. १९२५ साली हवानात गरिबीत जन्मली, १९५० साली 'सोनोरा मातान्सेरा' या नामांकित वाद्यवृंदात आली, आणि क्रांतीनंतर १९६० साली देश सोडून बाहेर पडली. दोन वर्षांनी आई वारली, तेव्हा मातीला येण्याची परवानगी तिला मिळाली नाही. त्याच वाद्यवृंदातील ट्रंपेटवादक पेद्रो नाइट यांच्याशी तिने १९६२ साली लग्न केले. पुढे या गृहस्थांनी आपला ट्रंपेट पेटीत ठेवून दिला आणि पत्नीच्या गाण्याची व्यवस्था पाहणे हेच आपले काम मानले. १६ जुलै २००३ रोजी सेलिया वारली. तिचा देह आधी मायामीत लोकांच्या दर्शनासाठी ठेवला, मग न्यूयॉर्कला नेला, आणि सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये अंत्यविधीचा ख्रिस्तयाग झाला. रस्त्याच्या दुतर्फा हजारो माणसे उभी होती. १९९० साली क्यूबातील अमेरिकन तळावर गाण्यास गेली असता तिने मूठभर माती उचलून आणली होती. ती माती तिच्याबरोबर पुरली.

एक ट्रंपेट आणि एक गळा, असे दोन देशांतले दोन संसार. तुलनेला मर्यादा आहेत. क्रिस पेरींच्या चालींवाचून लॉर्नाचे गाणे उभे राहिले नसते, आणि त्यांनी स्वतःचे वाद्य खाली ठेवावे अशी अपेक्षा करण्याचा कोणाला अधिकार नाही. आमचे लक्ष रस्त्याच्या दुतर्फा उभ्या असलेल्या माणसांकडे जाते. सेलियाला तिच्या लोकांनी परदेशातही एकटे पडू दिले नाही. लॉर्ना आपल्या लोकांत राहूनही वीस वर्षे गप्प होती, आणि तिची रेकॉर्ड आपण वाजवीत राहिलो. रेकॉर्ड गुळगुळीत झाली की दुसरी आणली. गाणारी कोठे आहे, तिचे कसे चालले आहे, हा प्रश्न मांडवातील गोंगाटात कोणाला पडला नाही. नाचणारा समाज गाणाऱ्या स्त्रीकडे दोन नजरांनी पाहत असे. गाणे चालू असताना ती आपली लॉर्ना. गाणे संपल्यावर ती 'हॉटेलात गाणारी'. ज्या स्वरलिपीची अक्षरे देवळाने शिकवली, ती अक्षरे रात्री वाचली तर पाप आणि सकाळी वाचली तर पुण्य, असा काहीसा हिशेब होता. पुरुष वादकांना त्यातून सूट होती. तोच ट्रंपेटवाला सणाच्या मिरवणुकीत पुढे चालला तर कोणाच्या कपाळाला आठी पडत नसे.

हे जुने झाले असे म्हणावे, तर दोन वर्षांपूर्वीची एक हकीकत सांगणे भाग आहे. गिरणीत बदली कामगार म्हणून उमेदवारी केलेले, १९८२च्या संपानंतर मिळेल ते काम करून मुलांना वाढवलेले एक गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांची धाकटी मुलगी रविवारी दहाच्या मिस्साला प्रतिसाद स्तोत्र गाते. तिला एका बँडने हॉटेलात आणि लग्नांत गाण्यासाठी बोलावले होते.

"फादर, तुम्ही तिला दोन शब्द सांगा. तुमचं ऐकेल ती," गृहस्थ म्हणाले. "देवळात गाते तेवढं पुरे आहे. रात्री-अपरात्री परक्या माणसांपुढे गाणं आपल्या घरात शोभत नाही."

"देवळात तिला काय मिळतं?" आम्ही विचारले.

"देवाचं काम आहे ते, फादर."

"ते खरं. पण ऑर्गनवाल्याला दर लग्नामागे पाकीट मिळतं, सजावटवाल्याला मिळतं. तिला?"

ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "तिची आई म्हणत होती, लग्नं जमायला अडचण येईल."

ही भीती खोटी नव्हती, आणि ती उडवून लावणे आम्हाला प्रशस्त वाटले नाही. मुलीच्या बापाने रात्रीच्या शेवटच्या लोकलची काळजी करू नये असे सांगणारा धर्मगुरू स्वतः कधी मुलीची वाट पाहत दारात उभा राहिलेला नसतो. आम्ही मुलीलाही बोलावले. तिला तालंतांचा दृष्टांत सांगण्याचा मोह आम्ही आवरला. तो तिने आमच्याच तोंडून अनेकदा ऐकला होता. त्याऐवजी तीन गोष्टी विचारल्या. काय ठरले ते कागदावर लिहून मिळणार का, आणि त्या कागदात दुसरीकडे गाण्याची मुभा आहे का. पैसे तिच्या नावाच्या खात्यात जमा होणार का. रात्री घरी सोडायला कोण येणार. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिच्याकडे तयार होते, पहिल्या दोहोंचे नव्हते. बापलेक खाली मान घालून जिना उतरले. ती आता गाते. किती दिवस गाईल हे तिच्या घरच्यांवर, बँडवर आणि तिच्या गळ्यावर अवलंबून आहे. रविवारच्या स्तोत्राला ती कधी उशिरा येते, डोळे तारवटलेले असतात. गायकवृंदातील काही मंडळींनी तिला त्या जागेवरून काढावे असे सुचवले. आम्ही ती सूचना ऐकून घेतली आणि तशीच ठेवून दिली. मिस्सात गाणाऱ्यांनाही लग्नाच्या पाकिटातील वाटा देण्याचा विषय मात्र आम्ही धर्मग्राम मंडळाच्या बैठकीत मांडला आहे. बैठका झाल्या तीन. निर्णय अजून व्हावयाचा आहे.

लॉर्नाकडे परत येऊ. १९९५ साली ती पुन्हा गायिली. क्रिस पेरींच्या बँडमध्ये वाजवलेले रॉनी मोन्सेरात यांनी तिच्यासाठी नवी गाणी बांधली आणि 'हॅलो लॉर्ना' ही कॅसेट निघाली. वय एकोणपन्नास. ज्या गळ्याने वीसहून अधिक वर्षे जाहीर गाणे गायिले नव्हते, त्याला पुन्हा माइकसमोर उभे करणे म्हणजे काय, हे एखाद्या गवयालाच विचारावे. गळा हा पेटीत ठेवून देता येणारा ट्रंपेट नव्हे. कॅसेट हातोहात खपली. गोव्यात तिच्या कार्यक्रमांना लोटलेल्या गर्दीत जुने लोक होते तसेच, ज्यांच्या जन्माआधी ती गप्प झाली होती अशी मुलेही होती. आम्ही ती कॅसेट पहिल्यांदा ऐकली तेव्हा जुन्या रेकॉर्डशी ताडून पाहिली. आवाज खाली उतरला होता, वरचे स्वर जपून घेतलेले कळत होते. पण शब्द दाताखाली धरण्याची खोड तशीच होती.

क्रिस पेरी २५ जानेवारी २००२ रोजी वारले. पुढे बार्ड्रॉय बार्रेतो यांनी या दोघांच्या संगीताला मानवंदना म्हणून 'नाचूंया कुंपासार' हा चित्रपट काढला. तालावर नाचूया, असा नावाचा अर्थ, आणि ते नाव त्यांच्याच एका गाण्याचे. २०१४ सालच्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपटाचा पुरस्कार मिळाला, आणि नायिकेचे काम केलेल्या पालोमी घोष यांचा विशेष उल्लेख झाला. गाजलेली गाणी एका कथेत ओवून चित्रपट पुढे जातो. कथा कल्पित आहे असे धरूनच तो पाहावा. तरीही साठच्या दशकातील बँडवाल्यांची नोटांसाठीची ओढाताण, आणि पेटी उचलून पहाटे घरी येणारी माणसे त्यात दिसतात. आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांनी तो मिळून पाहिला.

गेल्या हिवाळ्यात दादरला एका लग्नाच्या भोजनास आम्ही उपस्थित होतो. ख्रिस्तयाग पोर्तुगीज चर्चमध्ये झाला होता. मांडवाऐवजी वातानुकूलित सभागृह, बँडऐवजी एक तरुण आणि त्याचा लॅपटॉप. ग्रँड मार्च झाला, टोस्ट झाला. मग त्या तरुणाने ध्वनिक्षेपकावरून जाहीर केले की आता त्या कोकणी सिनेमातले गाणे लावतो. नवरीच्या बाजूच्या टेबलावर चाकाच्या खुर्चीत बसलेल्या एका वृद्ध बाईंनी हात वर करून त्याला जवळ बोलावले.

"सिनेमातलं नव्हे बाळा," त्या म्हणाल्या. "लॉर्नाचं आहे. माझ्या लग्नात वाजलंय ते. नाव घे तिचं, आणि मग लाव."

त्याने पुन्हा माइक हातात घेतला आणि नाव घेतले.